रूटचा पासवर्ड कोणाकडे?

विंडोज ९५ ची एक सवय मला फार आवडायची. एखादा प्रोग्रॅम कोसळला की ती गुळमुळीत बोलत नसे. पडद्यावर सरळ चौकट यायची: ‘धिस प्रोग्रॅम हॅज परफॉर्म्ड अ‍ॅन इल्लीगल ऑपरेशन अँड विल बी शट डाउन.’ आरोप आणि शिक्षा एकाच वाक्यात. घडलेलं असायचं एवढंच, की प्रोसेसरला न कळणारी सूचना मिळाली किंवा प्रोग्रॅमचा पाय दुसऱ्याच्या मेमरीत पडला. पण ‘इल्लीगल’ वाचून माणसं गार पडायची. मी ज्या पतसंस्थेचं काम बघायचो तिथले मॅनेजर ही चौकट आली की खुर्ची मागे घेत आणि दोन्ही हात मांडीवर ठेवत. उद्या कोणी विचारलंच तर ‘मी हात लावला नव्हता’ असं छातीठोक सांगता यावं म्हणून.

पुढे एक्सपी आली आणि भाषा मऊ झाली. प्रोग्रॅमला अडचण आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. काल आरोपी होता, आज पेशंट. तरी मला जुनी चौकटच बरी वाटते, कारण तिच्यात ‘डिटेल्स’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की कुठल्या मोड्यूलमध्ये, कुठल्या पत्त्यावर, रजिस्टरांत कोणते आकडे असताना प्रकार घडला, ते सगळं समोर येई. दहातल्या नऊ जणांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण मागितलं तर मिळत होतं. दिलगिरीच्या चौकटीत ठळक बटण होतं रिपोर्ट पाठवण्याचं. म्हणजे पंचनामा परस्पर साहेबांकडे.

आयुष्यभर प्रोग्रॅम लिहून माणसाची मतं फार घट्ट होतात. कोड लिहायचा एडिटर म्हणजे व्हीआय. ईमॅक्सवाल्यांशी मी जेवणाच्या टेबलावर बोलतो, त्या विषयावर बोलत नाही. ज्या सॉफ्टवेअरला स्वतःचा लॉग, म्हणजे काय केलं त्याची नोंदवही, नाही त्याला मी घरात घेत नाही. आणि ऑपरेटिंग सिस्टिम चांगली की वाईट, हे ती किती वेगाने चालते यावरून न ठरवता, तंगी आली की ती कोणाशी कशी वागते यावरून ठरवतो. प्रोसेसर एक, हक्क सांगणारे शंभर. कोणाला आधी, कोणाला किती, कोणाचा बळी, हे ती सेकंदाला हजारो वेळा ठरवत असते.

युनिक्सचं बघा. या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला, म्हणजे प्रोसेसला, ‘नाइस’ नावाचा एक आकडा असतो, उणे २० पासून १९ पर्यंत. आकडा जितका मोठा तितकी ती प्रोसेस सोशिक; इतरांना आधी जाऊ देणारी. साधा वापरकर्ता आपल्या प्रोसेसचा आकडा हवा तेव्हा वाढवू शकतो. कमी करायचा झाला तर मात्र सहसा रूटच, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी वापरकर्ताच, लागतो. नमतं घ्यायची मुभा सगळ्यांना, पुढे घुसायला साहेबांची सही. हा नियम ज्याने घातला त्याने आयुष्यात एकदा तरी तहसील कचेरीत दिवस काढला असणार, असा माझा संशय आहे.

सोशिकांचं पुढे काय होतं, याची एक दंतकथा ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाठ्यपुस्तकात आहे. एमआयटीतलं आयबीएम ७०९४ हे मशीन १९७३ मध्ये बंद केलं, तेव्हा त्यात १९६७ साली दिलेलं एक काम निघालं म्हणे. कमी प्राधान्याचं. सहा वर्षांत त्याचा नंबरच लागला नव्हता. खरं-खोटं देव जाणे. वर्गात ही गोष्ट सांगितली की पोरं हसतात. ज्यांच्या घरी बांधाचा दावा चालू असतो ती हसत नाहीत. यावरचा उपायही त्याच धड्यात आहे: जो जितका जास्त वेळ थांबला त्याचं प्राधान्य तितकं वाढवत न्यायचं. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्समध्ये २००७ साली इंगो मोल्नारने नवा शेड्यूलर, म्हणजे पाळ्या लावणारा भाग, बसवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘कम्प्लीटली फेअर शेड्यूलर’. ज्याला आतापर्यंत सगळ्यांत कमी वेळ मिळाला, पुढची पाळी त्याची; आणि हिशेब नॅनोसेकंदात. संपूर्ण न्याय्य असं आपल्याच कामाला म्हणायला छाती लागते. २०२३ मध्ये त्याच्या जागी दुसरा आला, पण सोळा वर्षं त्या नावाने राज्य केलं, हेही काही कमी नाही.

मेमरीच्या बाबतीत हाच लिनक्स जरा उधळा आहे. असलेल्यापेक्षा जास्त मेमरी तो लोकांना कबूल करून बसतो. पाचशे आमंत्रणं वाटायची आणि साडेतीनशे पानांचा स्वयंपाक करायचा, सगळे थोडेच येतात, असा हिशेब. बहुतेक वेळा तो जमतोही. ज्या दिवशी खरंच सगळे येतात त्या दिवशी ‘ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर’ उठतो आणि ज्याच्या पानात सगळ्यांत जास्त वाढलंय त्याला उठवतो. हा पानावरून उठलेला माणूस हमखास डेटाबेस असतो. ज्याच्यासाठी सर्व्हर विकत घेतला, वीज भरली, एसी लावला, तोच. लॉगिनचा दरवाजा सांभाळणारा एसएसएच मात्र आपला गुणांक, म्हणजे कोणाला मारायचं ते ठरवणारा आकडा, आधीच उणे १००० करून ठेवतो. त्याला हात लागत नाही.

अन्याय आहे. पण मी या जल्लादाला कधी शिव्या दिल्या नाहीत, कारण तो निकालपत्र लिहितो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये त्या क्षणी हजर असलेल्यांची यादी, प्रत्येकाकडे किती मेमरी होती, कोणाचा किती गुणांक, कोणाला मारलं, सगळं असतं. सकाळी चहा घेत घेत वाचायचं आणि पटलं नाही तर पुढच्या वेळेसाठी गुणांक बदलून ठेवायचा. इतकं स्पष्ट निकालपत्र मी माणसांकडून क्वचित पाहिलंय.

गिटची, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कोणी कधी केला ते जपून ठेवणाऱ्या साधनाची, गोष्ट थोडी वेगळी. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याने २००५ च्या एप्रिलमध्ये ते लिहायला घेतलं, कारण आधीचं तसलंच साधन बिटकीपर फुकट वापरायची परवानगी काढून घेतली गेली होती. चिडून केलेली कामं कधीकधी अशी उत्तम होतात. त्यात ‘ब्लेम’ नावाची आज्ञा आहे, ती प्रत्येक ओळीपुढे नाव छापते. नवे मॅनेजर लोक या आज्ञेवर फार खूश असतात. तिला ठाऊक असतो फक्त त्या ओळीला शेवटचा हात लावणारा. एखाद्या शिकाऊ पोराने बिचाऱ्याने सगळ्या फाइलींच्या जागा-समास नीट केले, की दहा वर्षांतली सगळी पापं त्याच्या नावावर. म्हणून पुढे मोकळ्या जागांतले बदल सोडून द्यायची सोय आली, अमुक बदल मोजूच नका असं सांगायची सोय २०१९ मध्ये आली. मला हत्यारांत हेच बघायला आवडतं: साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते का?

आणि या सगळ्यांच्या वर बसलेला असतो रूट. वापरकर्ता क्रमांक शून्य. त्याला नाइसचं बंधन नाही, फाइलीच्या परवानग्या नाहीत, आणि लॉगही त्याच्याच ताब्यात. १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात दोघांनी ‘सुडू’ लिहिलं. पूर्ण रूट न होता तेवढ्यापुरते अधिकार वापरा, आणि काय केलंत त्याची नोंद राहू द्या. परवानगी नसताना ते वापरलं की वर्षानुवर्षं एक खास वाक्य यायचं: या प्रकाराची खबर दिली जाईल. कोणाला, ते लिहिलेलं नसे. घरच्या लॅपटॉपवर ती खबर आपल्यालाच येते. सत्ता काढून घेता येत नसेल तर निदान ती वापरल्याचा ठसा राहावा, एवढाच त्यातला आग्रह. मला तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासातला सगळ्यांत सुसंस्कृत विचार वाटतो.

वाटायचं कारण ती पतसंस्था. तिथलं काम डॉसवर, फॉक्सप्रो या डेटाबेसमध्ये चालायचं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, पिग्मी एजंटांचा भरणा. टेबल उघडायचं, ‘ब्राउझ’ म्हणायचं आणि कोणाच्याही खात्यातला कोणताही आकडा बदलायचा. कुठेही ओरखडा उमटत नसे. संचालक मंडळ, चेअरमन, ऑडिटर सगळे होते, पण रूट मी होतो आणि हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. शिवाय मध्येच लाइट गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडायचा, काही नोंदी दिसेनाशा व्हायच्या आणि दिवसाखेर कॅशला फरक लागायचा. फरक लागला की सगळ्यांच्या नजरा कॅशियर बाईंकडे. कमी पडलं तर कॅशियरने खिशातून भरायचं, हा रिवाज. बाई खमक्या होत्या. त्यांची स्वतःची एक वही असे, शाईने लिहिलेली, आणि ती गल्ल्यात कुलपाखाली. ‘तुमच्या डब्याला आधी विचारा,’ म्हणायच्या, ‘मग मला.’ मी इंडेक्स पुन्हा बांधायचो आणि आकडा वहीपाशी येऊन उभा राहायचा.

इंग्लंडमधल्या पोस्टमास्तरांजवळ अशी वही उरली नव्हती.

तिथे गावोगावी दुकानदार करारावर पोस्टाचा काउंटर चालवतात. १९९९ पासून त्यांच्याकडे ‘होरायझन’ नावाची प्रणाली बसवली गेली. करणारी कंपनी जपानी फुजित्सूच्या गटातली. मग लोकांना फरक लागू लागले, शेकडो पौंडांचे, हजारो पौंडांचे. करारात तूट भरायची जबाबदारी दुकानदारावर. हेल्पलाइनला फोन केला की ‘असं फक्त तुमच्याकडेच होतंय’ असं ऐकायला मिळाल्याचं कितीतरी जणांनी पुढे सांगितलं. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनची गोष्ट कुठल्याही प्रोग्रॅमरच्या अंगावर काटा आणेल: रोकड आल्याची नोंद करताना पडदा गोठला, बाईंनी पुन्हा पुन्हा एंटर दाबलं, आणि दर एंटरला आत गुपचूप एकेक नोंद पडत गेली. २४,००० पौंडांची तूट. एंटर दोनदा दाबलं तर काय, हा प्रश्न आम्ही पहिल्या महिन्यातल्या पोरांना विचारतो.

२०१५ पर्यंत नऊशेहून जास्त माणसं चोर ठरली. त्यातले सातशेच्या आसपास खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच भरले होते. तक्रारदार तेच आणि सरकारी वकिलाच्या जागीही तेच. एक बाई पोटात मूल असताना तुरुंगात गेली. आणि या साऱ्या काळात सांगितलं जात होतं की शाखेच्या हिशेबाला बाहेरून कोणी हात लावूच शकत नाही. प्रत्यक्षात ब्रॅकनेलमध्ये बसलेले फुजित्सूचे लोक शाखेच्या नकळत तिच्या हिशेबात नोंदी घालू शकत होते. आमच्या पतसंस्थेतलंच चित्र, फक्त देशाएवढं मोठं. अ‍ॅलन बेट्स या पोस्टमास्तरांसह ५५५ जण कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला आणि होरायझन बिनचूक असल्याचा पोस्टाचा हेका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट असल्याचं सांगण्यासारखं आहे, असं सुनावलं. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या.

मला यात सगळ्यांत जास्त खटकते ती एक जुनी तारीख. संगणकाचा पुरावा द्यायचा तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा, अशी अट इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्यात होती. फार किचकट आहे म्हणून ती काढून टाकायचं ठरलं १९९९ मध्ये, म्हणजे होरायझन बसत होतं त्याच वर्षी. त्यानंतर मशीन नीटच चालतं हे गृहीत धरलं जाऊ लागलं. चुकलंय हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर. लॉग पोस्टाकडे, आणि दाखवणार कोण, तर किराणा मालाचा दुकानदार.

आपल्याकडे उलटं झालं. त्यांनी टाकून दिलेल्या धाटणीची अट आपण २००० साली पुरावा कायद्यात कलम ६५ब म्हणून घेतली. नोंदीसोबत प्रमाणपत्र हवं. ते किती सक्तीचं यावर बरीच वर्षं घोळ चालला, आणि तो सुटला जालन्यामुळे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे २९६ मतांनी निकाल लागला. अर्ज वेळेत भरला होता का, यावर वाद. पुरावा निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओचा. आणि मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देईनात. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र हवंच. पण ज्याने सगळे दरवाजे ठोठावले आणि तरी मिळालं नाही, त्याला अडवू नका. एव्हाना पुढची निवडणूकही होऊन गेली होती. आयबीएम ७०९४ वाल्यांनी नोंद घ्यावी.

१ जुलै २०२४ पासून नवा पुरावा कायदा आहे, त्यातलं कलम ६३. प्रमाणपत्राचे दोन भाग: ‘अ’ ज्याचं उपकरण त्याने भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. शिवाय फाइलीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला, अंगठ्याच्या ठशासारखा आकडा. संगणक त्या काळात नीट चालत होता, असं शपथेवर सांगायला मला कोणी सांगितलं तर माझा हात थरथरेल. तीस वर्षं पाहिलेला एकही संगणक त्या व्याख्येत बसत नाही. पण निदान कोणीतरी विचारतंय, कोणालातरी सही करावी लागतेय, हे मला फार मोलाचं वाटतं.

माझा भाचा वकील आहे. तो मध्यंतरी हाच कागद घेऊन आला. त्याच्या अशिलाच्या सोसायटीत गेटपाशी गाडी ठोकल्याचं प्रकरण होतं, सीसीटीव्हीचं चित्रण होतं.

‘मामा, भाग ब. एवढी वर्षं यातच आहेस, एक सही कर.’

‘चित्रणातली वेळ बरोबर आहे?’

‘चाळीस मिनिटं मागे आहे. पण कायमच मागे असते.’

‘घड्याळ कोण लावतं?’

‘वॉचमन असेल.’

‘डीव्हीआरचा पासवर्ड कोणाकडे आहे?’

‘बॉक्सवरच चिकटवलाय. सगळ्यांनाच माहितीये.’

‘आणि कोणी काही पुसलं तर त्याचा लॉग?’

‘मामा, तू सही करणारेस की नाही?’

मी म्हटलं, आधी डीव्हीआर बघतो, मग जे दिसेल ते लिहून सही करतो. त्याला तारीख परवाची होती. दोन दिवसांनी त्याने भरलेल्या फॉर्मचा फोटो पाठवला, खाली अंगठ्याचं चित्र. तज्ज्ञ म्हणून कॅमेरे बसवणाऱ्याचीच सही होती. हॅशच्या रकान्यात कायद्याने छापून दिलेल्या पर्यायांपैकी एमडी५ या हॅश काढायच्या पद्धतीवर टिक केलेली. दोन वेगळ्या फाइलींचा एमडी५ एकच काढता येतो, हे शाओयून वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवून दिलंय, असं मी त्याला लगेच कळवलं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून यायचंय.