केवढा मोठा राजा असेल?

मी दक्षिण कोरियातल्या देगूला राहते. तिथून ग्योंग्जू तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे चाकणहून कंपनीच्या कामाला आलेली मंडळी, सुट्टीत आलेले नातेवाईक, नवऱ्याचे मित्र, या सगळ्यांना रविवारी तिकडे फिरवून आणायचं काम आपसूक माझ्याकडे आलं आहे. देरुंगवोन नावाच्या बागेच्या फाटकातून आत गेलं की हिरवळीनं मढवलेली गुळगुळीत टेकाडं दिसायला लागतात. सासूबाईंना वाटलं होतं, गोल्फचं मैदान आहे. "ही थडगी आहेत," म्हटलं की सगळे जरा गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतंच, "बाप रे! केवढा मोठा राजा असेल ना गं?"

तिथे उभ्या उभ्या मी "हो, असेल," म्हणून मोकळी होते. दोन टेकाडांच्या मधल्या झाडाखाली फोटोला ही रांग लागलेली असते, ऊन असतं, आणि पोरांना ह्वांग्नाम-प्पांग हवं असतं (लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण भरलेला छोटा गोल पाव, पुरणपोळीची लांबची बहीण). पण परवा मावसभावानं फोनवर पुन्हा तेच विचारलं. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते. माझं उत्तर आहे: बहुतेक उलट.

आधी त्या बागेतलं सगळ्यात मोठं टेकाड घेऊ. ह्वांग्नाम्देचोंग. दोन टेकाडं एकमेकांना चिकटलेली, उंटाच्या वशिंडांसारखी. लांबी १२० मीटर, उंची सातमजली इमारतीएवढी. १९७३ ते १९७५ या काळात ते खणलं. एवढं मोठं थडगं एकदम उघडायची छाती होईना, म्हणून आधी शेजारचं लहान थडगं रंगीत तालीम म्हणून खणायला घेतलं, आणि त्या तालमीतच सोन्याचा मुकुट निघाला. भूर्जाच्या सालीवर रंगवलेला धावता पांढरा घोडाही निघाला. तेच आजचं चोन्माचोंग, ज्याच्या पोटात आपल्याला तिकीट काढून जाता येतं.

मग मोठं उघडलं. दक्षिणेकडे पुरुष, उत्तरेकडे बाई. सोन्याचा मुकुट निघाला तो बाईच्या बाजूला; पुरुषाच्या वाट्याला सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा. बाईकडच्या एका कमरपट्ट्याच्या टोकावर चिनी अक्षरं कोरलेली आहेत: "बाईसाहेबांचा पट्टा". बस्स, एवढंच. नाव नाही. १२० मीटरचं थडगं आणि आतल्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही!

कोरियन भाषेत थडग्याला तीन शेपट्या लागतात. राजाचं आहे आणि कुठला राजा ते माहीत आहे, तर "नुंग". काहीतरी थोर सापडलंय पण कुणाचं ते माहीत नाही, तर "चोंग". आणि बाकी सगळी "बुन". ग्योंग्जूतली सोन्यासाठी नावाजलेली सगळी चोंग आहेत. सोन्याचे मुकुट ज्यांत सापडले त्यांतलं एक तर लहान मुलाचं आहे. मुकुटही छोटा, मुलाच्या डोक्याच्या मापाचा. म्हणजे त्या घराण्यात पराक्रम करून मुकुट मिळवावा लागत नव्हता. जन्माला येणं पुरेसं होतं.

आता थोडं मागे जाऊ या, हजारभर वर्षं. कोरियात डोंगरांच्या पायथ्याशी अजस्र शिळा पडलेल्या दिसतात. खाली दोन-चार दगडांचा आधार, वर एक महाशिळा. यांना म्हणतात गोइन्दोल, म्हणजे टेकवलेला दगड. गोछांग, ह्वासुन आणि गांगह्वा इथल्या गोइन्दोलांना २००० साली जागतिक वारशाचा मान मिळाला. गांगह्वा बेटावरच्या प्रसिद्ध शिळेचं वजन पन्नास टनांच्या घरात आहे. माझ्याबरोबर आलेले नागपूरचे एक काका ती बघून म्हणाले, "आमच्या जुनापाणीला शिळांची वर्तुळं आहेत, तेही असंच." काका बरोबर होते. विदर्भातल्या त्या वर्तुळांतही माणसं पुरलेली आहेत, आणि माहूरझरीला तर साजासकट घोडा.

पन्नास टनांची शिळा खाणीतून सुटी करून, लाकडांवरून ओढून, मातीच्या उतारावरून वर चढवायला काहीशे माणसं लागतात. आता ती माणसं आली कशी, हा खरा प्रश्न. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे: इर्जिक आणि वेठ. शेजाऱ्याचं शेत नांगरायला गाव आपणहून बैल घेऊन येतं, काम करतं आणि पोटभर जेवून जातं, ती इर्जिक. पाटलाचा माणूस दारात येऊन उभा राहतो, ती वेठ. शिळा दोन्हींनी सारखीच हलते.

पूर्वी पुस्तकांतून सरसकट लिहिलं जायचं की एवढी शिळा म्हणजे नायक आला, वर्ग आला, सत्ता आली. पण गोछांगला एकाच डोंगराच्या कुशीत चारशेच्या वर गोइन्दोल ओळीनं आहेत. चारशे राजे? काहींखाली चकचकीत घासलेला दगडी खंजीर आणि लाल मडकं, बऱ्याच जणांखाली काहीच नाही, आणि काही लहान मुलांचे. मला तरी यात राजवाडा दिसत नाही, भाऊबंदकी दिसते. भातशेती आली, जमीन कुणाची हे ठरवायची वेळ आली आणि प्रत्येक कुळानं आपला पूर्वज शिळेखाली ठेवून हद्द सांगितली. इर्जिक जास्त, वेठ थोडी. वेठेची सुरुवात होती नक्की, कारण इर्जिकीचं जेवण घालण्याइतकं भात ज्याच्या कोठारात आहे तो हळूहळू पाटील होतोच.

मधला टप्पा लोखंडाचा. छांगवोनजवळ दाहो-री इथे १९८८ साली पाणथळ शेतातल्या चिखलात एक शवपेटी मिळाली, ओकचा बुंधा उभा चिरून पोखरलेली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. आत लोखंडी हत्यारं, चिनी नाणी, चिनी आरसा, लाखेची भांडी, आणि पाच कुंचले. मला मुकुटांपेक्षा हे कुंचले जास्त आवडतात. दोन्ही टोकांना केस बसवलेले, लिहायचे कुंचले. या भागातून लोखंड निघतं, शेजारपाजारचे सगळे ते न्यायला येतात आणि बाजारात ते पैशासारखं चालतं, असं चिनी इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. लोखंड विकायचं तर हिशोब आला, हिशोब आला की लिहिणारा आला. सिंहासनाच्या आधी वही आली, असं मी त्या कुंचल्यांवरून म्हणेन.

याच भागात पुढे गाया नावाची छोटी छोटी राज्यं उभी राहिली. (इथे दुसरा हमखास प्रश्न येतो: "आपली अयोध्येची राजकन्या इथेच आली होती ना?" गिम्हे शहरात तिचं म्हणून थडगं आहे खरं. पण इसवी सन ४८ मधली ती गोष्ट लिहिलेली आहे तेराव्या शतकातल्या ग्रंथात. माझं त्यावर एवढंच म्हणणं.)

गोर्योंगच्या जिसान-दोंग डोंगरधारेवर गायाची थडगी आहेत, गावाच्या डोक्यावर उभी असल्यासारखी. खालून कुठूनही मान वर केली की दिसणारच. त्यांतलं क्रमांक ४४ चं १९७७ मध्ये उघडलं. मध्ये मोठी दगडी खोली, आणि तिच्याभोवती ३२ लहान लहान दगडी पेट्या. त्यांत माणसं. धनी मेला त्याच दिवशी मेलेली माणसं. म्हणजे मारलेली. कुणाजवळ हत्यार, कुणाजवळ नुसतं मडकं. काही पोरी तर अगदी लहान.

कोरियन शब्द आहे सुन्जांग. सोबत पुरणं.

छांगन्योंगच्या सोंगह्योन-दोंगमध्ये क्रमांक १५ च्या थडग्यात अशी चार माणसं मिळाली, दोन पुरुष आणि दोन बायका. थडगं चोरांनी आधीच साफ केलं होतं, पण या चौघांत चोरांना काय रस? त्यातल्या एका मुलीचा सांगाडा जवळजवळ अख्खा होता. सोळा वर्षांची, दीड मीटरच्या आसपास उंची, कानात सोन्याचं एक डूल. शास्त्रज्ञांनी तिची हाडं मोजली, दात तपासले आणि २००९ मध्ये तिचा पूर्ण पुतळा करून दाखवला. गुडघ्यांच्या आणि नडगीच्या हाडांवर खुणा आहेत, सतत गुडघे टेकून बसण्याच्या. पुढच्या दातांवर खाचा आहेत, दोरा दातांनी तोडून तोडून पडतात तशा. माझ्या आजीच्या दातांनाही अशी खाच होती. ती चोळ्या शिवायची. या मुलीला कोरियन लोकांनी नाव दिलं सोंगह्योनी, गावाच्या नावावरून, आपण "सोंगह्योनची" म्हणू तसं. जिच्यासाठी हिला मारलं ती व्यक्ती कोण ते माहीत नाही. हिचा मात्र चेहरासुद्धा आता माहीत आहे.

तर मुद्दा. एवढी माणसं सोबत घेऊन जाणारा हा गायाचा धनी किती मोठा राजा होता? त्याचं राज्य त्या छोट्या छोट्या राज्यांतलंच एक. गायाची राज्यं शेवटपर्यंत वेगवेगळीच राहिली, एक झालीच नाहीत, आणि सिल्लानं, म्हणजे ग्योंग्जूला राजधानी असलेल्या शेजारच्या राज्यानं, ती एकेक करून गिळली. गिम्हेचं ५३२ मध्ये, गोर्योंगचं ५६२ मध्ये.

आणि सिल्ला काय करत होतं? तेही आधी हेच करत होतं. साम्गुक सागी या इतिवृत्तात नोंद आहे की राजा वारला की पाच पुरुष आणि पाच बायका सोबत पुरत. राजा जिजुंगनं ५०२ च्या तिसऱ्या चांद्रमासात ही चाल बंद केली. त्याच नोंदीत, त्याच महिन्यात, शेतकीला उत्तेजन द्या असा हुकूम आहे आणि पहिल्यांदा बैलानं नांगरणी सुरू झाल्याचं लिहिलंय. हे दोन हुकूम शेजारी शेजारी वाचले की मला राजाच्या मनातला हिशोब दिसतो. माणूस खाली पुरण्यापेक्षा वर शेतात उभा असलेला बरा. दया असेलही, पण सारा कोण भरणार हेही असेलच.

सिल्लाचा राजा त्या वेळी किती राजा होता हेही बघा. पोहांगजवळ नेंग्सू-री इथे ५०३ सालचा एक शिलालेख आहे, १९८९ मध्ये सापडलेला. कुणाच्या तरी मालमत्तेचा तंटा सोडवल्याची ती नोंद. निकाल देणाऱ्यांची नावं आहेत आणि पुढे शब्द आहेत: "हे सात राजे". सात! जिजुंग त्यांतला एक. आणि २०१३ मध्ये संग्रहालयातल्या एका जुन्या गंजक्या तलवारीची साफसफाई करताना "इसाजी राजा" अशी अक्षरं दिसली. तलवार १९२१ मध्ये सापडलेल्या सुवर्णमुकुटाच्या थडग्यातली. इतिवृत्तातल्या राजांच्या यादीत इसाजी नावाचा कुणी नाही.

म्हणून ती टेकाडं एवढी मोठी. गावात सात जण स्वतःला राजे म्हणवत असतील, तर प्रत्येकाच्या पोराला बापाचं टेकाड शेजारच्यापेक्षा हातभर उंच लागणारच. तेही सपाटीवर, भर वस्तीत, रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आतली रचनाही तशीच: लाकडी खोली, तिच्यावर गोट्यांचा डोंगर, वर माती. दार नाही. एकदा बंद केलं की बंद. चोरांना गोटे उपसता येईनात म्हणून सोनं वाचलं, हा आपला फायदा.

पुढे ५२० मध्ये सिल्लात कायदे लिहिले गेले, ५२७ मध्ये बौद्ध धर्माला मान्यता मिळाली, आणि राजा एकच उरला. त्याच सुमारास टेकाडं लहान झाली, वस्तीतून उठून डोंगराच्या कडेला गेली, त्यांना दार आलं. लिहिलेला हुकूम सगळीकडे पोचायला लागला की गोटे वाहायची गरज उरत नाही.

पश्चिमेला बेक्जेचं राज्य होतं. तिथे गोंग्जूला (ग्योंग्जू नव्हे, हे वेगळं) १९७१ च्या पावसाळ्यात शेजारच्या थडग्यांचं पाणी काढायला चर खणताना विटांची भिंत लागली. आतली खोली साधारण सव्वाचार मीटर लांब नि पावणेतीन मीटर रुंद. आपल्याकडच्या फ्लॅटची बेडरूम. पण दारातच शिलालेख: राजा सामा, म्हणजे मुर्योंग, वय ६२, ५२३ मध्ये वारला. त्याच्या मरणासाठी सम्राटाला शोभणारा शब्द वापरलेला. आणि सोबत खरेदीखत! ही जमीन भूमिदेवतांकडून दहा हजार नाणी देऊन विकत घेतली आहे असं. दगडावर खरी नाणी ठेवली होती ती मात्र नव्वदच्या आसपास. सातबारा पक्का केल्याशिवाय राजासुद्धा जमिनीखाली जात नाही, हे ऐकून आमचे चाकणचे पाहुणे जे हसले! नाव, गाव, तारीख, मोबदला, सगळं कागदोपत्री. त्यामुळे तो नुंग आहे, चोंग नाही. उत्खनन मात्र एका रात्रीत उरकलं, बघ्यांची आणि पत्रकारांची झुंबड उडाली म्हणून. त्याचं दुःख कोरियन पुरातत्त्ववाल्यांना अजून आहे.

ग्योंग्जूची सहल मी शेवटी समुद्रावर नेते. सिल्लाचा राजा मुन्मू ६८१ मध्ये वारला. द्वीपकल्पाचा मोठा भाग ज्याच्या काळात एका राज्याखाली आला तो हा. त्याचं मृत्युपत्र साम्गुक सागीत आहे. मोठमोठ्या राजांची थडगी शेवटी मातीचा ढीग होतात, गुराखी पोरं त्यावर गाणी म्हणतात, कोल्हे नि ससे कडेला बिळं करतात, पैसा मात्र फुकट जातो, असं त्यानं लिहिलंय. मला दहा दिवसांनी कोठाराच्या फाटकाबाहेरच्या अंगणात पश्चिमेकडच्या देशाच्या रीतीनं अग्नी द्या, असंही. पश्चिमेकडचा देश म्हणजे बुद्धाचा. आपला.

किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर काळे खडक आहेत, त्यांच्यावर सीगल बसलेले असतात. तिथेच त्याची राख गेली, असं सांगतात. मी बोट करून दाखवते. पाहुणे खडकांकडे बघतात, मग माझ्याकडे.

"बरं, पण थडगं कुठंय?"