शेवटचे पाच मिलिग्रॅम: प्रेडनिसोलोन उतरवताना

प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी. रोजच्या 15 मिलिग्रॅमवरून 10 वर यायला मला सहा आठवडे लागले. 5 वरून शून्यावर यायला पन्नास. ज्यांनी ही गोळी उतरवलेली नाही त्यांना हा हिशोब उलटा वाटतो. आकडा लहान झाला की काम सोपं झालं असं आपण धरून चालतो. पण 5 च्या आसपास पोचेपर्यंत ही गोळी दोन कामं करत असते: आजार दाबून ठेवणं आणि शरीर एरवी स्वतः बनवतं ते रोज लागणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक भागवणं. दोन्ही कामं तिच्याकडून एकाच वेळी काढून घ्यायची असतात, म्हणून हा टप्पा लांबतो.

माझा आजार पॉलिमायल्जिया र्‍हुमॅटिका. पन्नाशीनंतर होणारा दाह. मान, दोन्ही खांदे आणि मांड्यांचा वरचा भाग सकाळी इतका आखडतो की पांघरूण बाजूला करायलाही हात वर जात नाही. यात सुरुवात बहुधा 15 मिग्रॅने होते: तीन आठवडे 15, तीन आठवडे 12.5, मग चार ते सहा आठवडे 10, आणि तिथून दर चार ते आठ आठवड्यांनी 1 मिग्रॅ कमी. हा तक्ता या आजाराचा आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याचा दाह) 40 पासून दर आठवड्याला 5 ने उतरवून दोन महिन्यांत बंद करण्याची पद्धत आहे, कारण तिथे थोडासा डोस चालू ठेवून आजार आटोक्यात राहत नाही. ते काम दुसऱ्या औषधांवर सोपवावं लागतं. दुसऱ्याचा तक्ता उचलू नका, तो आपल्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतात ते साधारण 4 ते 6 मिग्रॅ प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. बाहेरून त्याहून जास्त मिळत राहिलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रिनलना हुकूम सोडणं थांबवते आणि अ‍ॅड्रिनल सुस्तावतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ गोळी घेतली असेल तर हे गृहीतच धरायचं. 10 वरून 9 वर येताना शरीराला गरजेपेक्षा जास्तच मिळत असतं. 4 वरून 3 वर येताना खरी तूट पडते आणि ती ग्रंथींनी भरून काढायची असते. शिवाय प्रमाण बघा: 10 मधला 1 म्हणजे दहावा भाग, 5 मधला 1 म्हणजे पाचवा, आणि 2 मधला 1 म्हणजे निम्मा डोस.

म्हणून 5 च्या खाली मी एक मिलिग्रॅम आठ आठवड्यांत उतरवला. पहिल्या आठवड्यात फक्त सोमवारी आणि गुरुवारी नवा डोस, बाकी दिवस जुना. दुसऱ्या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिसऱ्यात सोमवार ते शुक्रवार. चौथ्यात सगळे दिवस, आणि मग चार आठवडे त्याच डोसवर मुक्काम. सात खणांची डबी रविवारी भरायची. 4 मिग्रॅच्या दिवशी चार छोट्या गोळ्या, 5 च्या दिवशी एकच मोठी, म्हणजे खण उघडल्यावर नजरेनेच कळतं. सगळ्या गोळ्या एकाच आकाराच्या असतील तर हा घोळ हमखास होतो. कापायची असेल तर मधे रेघ असलेलीच गोळी कापायची. आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी कापायची नाही, आवरण फुटलं की त्याचा उपयोग संपला.

गोळी सकाळी, काहीतरी खाऊन, शक्यतो आठच्या सुमारास. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल पहाटे चढतं. संध्याकाळी घेतलेली गोळी नेमका तोच चढ दाबते, वर झोपही घालवते. ज्या ग्रंथी जाग्या करायच्या त्यांनाच रात्री झोपवण्यासारखं ते होतं.

आता दुखण्याबद्दल, कारण निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते असं मला वाटतं. डोस कमी केला आणि अंग दुखलं की त्याची तीन कारणं असू शकतात, आणि तिन्हींवर उत्तरं वेगळी आहेत.

पहिलं, गोळी कमी झाल्याचं दुखणं. हे सहसा एक-दोन दिवसांतच सुरू होतं. पोटऱ्या, पाठ, हाताचे स्नायू, अगदी कातडीसुद्धा हुळहुळते. चिडचिड होते, मन उतरतं, झोप उडते. पण आठ-पंधरा दिवसांत ते ओसरायला लागतं. यावर बहुधा वाट बघणं हेच उत्तर. दुसरं, आजार पुन्हा उफाळणं. हा सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी येतो आणि जुन्याच जागा धरतो. माझ्या बाबतीत खांदे आणि मांड्या. सकाळचं आखडणं दहा मिनिटांवरून पाऊण तासावर जातं आणि रोज थोडं वाढतं. सीआरपी आणि ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या वाढलेल्या दिसल्या तर शंका पक्की होते. पण त्या नॉर्मल असूनही आजार उठू शकतो, आणि साध्या जंतुसंसर्गानेही सीआरपी वाढतो. त्यामुळे एकट्या रिपोर्टवर डोस ठरवू देऊ नये. यात ज्या डोसवर ठीक होतो तिथे परत जावं लागतं. तिसरं, अ‍ॅड्रिनलची कमतरता. इथे दुखण्यापेक्षा गळून जाणं जास्त: भूक नाही, मळमळ, वजन घटणं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी.

हे तीन वेगळे ओळखण्यासाठी वहीत रोज पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, डोस, सकाळी किती मिनिटं आखडलेलं होतं, कुठे दुखतं, आणि रक्तदाब. रक्तदाब दोनदा मोजायचा, पाच मिनिटं पडून झाल्यावर आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा उभं राहिल्यावर 20 ने किंवा जास्त पडत असेल तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. जास्त मीठ खावंसं वाटणं आणि कातडी काळवंडणं ही अ‍ॅड्रिनलच्या मूळ आजाराची लक्षणं आहेत. स्टेरॉईडमुळे आलेल्या कमतरतेत ती सहसा नसतात, कारण मिठाचा तोल सांभाळणारं अल्डोस्टेरॉन पिट्युटरीवर फारसं अवलंबून नसतं. ती लक्षणं नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका.

आणि एक लक्षण यापैकी कशातच बसत नाही, ते वहीत लिहीत बसायचं नाही. या आजाराबरोबर धमन्यांचा दाह येऊ शकतो. नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं, नजर अंधुक होणं किंवा एकाची दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर ताबडतोब दवाखाना. दृष्टी गेली तर ती बहुधा परत येत नाही.

डोस बदलण्याच्या आठवड्यात दुसरं काहीच बदलायचं नाही. नवीन व्यायाम नको. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकाने आखडणं झाकलं जातं आणि वहीतली नोंद खोटी ठरते. स्टेरॉईड कमी करता यावं म्हणून मेथोट्रेक्सेट हे दाह दाबणारं औषध जोडलं असेल तर त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्याआधी भराभर उतरवलं की आजार उठतो आणि दोष मेथोट्रेक्सेटला जातो. सांध्यात टोचलेलं स्टेरॉईड, दम्याचा पंप, जोरकस मलमं, हे सगळंही अ‍ॅड्रिनल दाबू शकतं, म्हणून हिशोबात धरायला सांगायचं. रिफाम्पिसिन (टीबीचं औषध), फेनिटॉइन, कार्बामाझेपिन (फिटची औषधं) प्रेडनिसोलोन लवकर जिरवून टाकतात, म्हणजे गोळी तीच पण शरीराला मिळते कमी. कीटोकोनाझोल, इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधांमुळे उलट होतं. गोळी बदलून मिळाली तर मिलिग्रॅमची तुलना सरळ करता येत नाही: 5 मिग्रॅ प्रेडनिसोलोन म्हणजे 4 मिग्रॅ मिथिलप्रेडनिसोलोन, साधारण 6 मिग्रॅ डेफ्लाझाकॉर्ट, 20 मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन. मधुमेह असेल तर डोस उतरताना दुपारची-संध्याकाळची साखरही उतरते. तिची औषधं त्याच मापाने कमी केली नाहीत तर साखर फार खाली जाते.

4 मिग्रॅवर मी मुक्काम वाढवला. थकवा महिनाभर हलत नव्हता, तेव्हा सकाळचं कॉर्टिसोल तपासलं. रक्त 8 ते 9 च्या दरम्यान द्यायचं आणि आदल्या गोळीला निदान 24 तास झालेले असावेत, कारण प्रेडनिसोलोनच तपासणीत कॉर्टिसोल म्हणून मोजलं जाऊ शकतं. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, विसरायची नाही. इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर आकडा फुगलेला येतो. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोक्रिनॉलॉजी आणि एंडोक्राइन सोसायटी यांच्या 2024 च्या संयुक्त मार्गदर्शिकेत 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर (300 नॅनोमोल प्रति लिटर) च्या वर असेल तर ग्रंथी सावरल्या, 5 (150 नॅनोमोल) च्या खाली असेल तर डोस चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, असं आहे. मधे असेल तर आहे त्या डोसवर थांबून काही आठवडे ते महिन्यांनी परत बघायचं. मधला आकडा म्हणजे नापास नव्हे. माझा 7 आला, दहा आठवडे थांबले, मग 11 आला.

ताप आला की उतरवणं थांबवायचं. मला लिहून मिळालेला नियम असा: ताप असेपर्यंत दिवसाला एकूण 10 मिग्रॅ, सकाळी 5 आणि संध्याकाळी 5, ताप गेला की थेट आधीच्या डोसवर. गोळी अर्ध्या तासात उलटून पडली तर पुन्हा घ्यायची. तीही पडली तर 100 मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं, म्हणून सरळ रुग्णालयात. तिथे पहिलं वाक्य 'मला उलट्या होतायत' हे नको, 'मी स्टेरॉईडवर आहे आणि गोळी पोटात राहत नाही' हे हवं. दोन वाक्यांनी मिळणारे उपचार वेगळे असतात.

गोळी बंद झाल्यावरही हा नियम लगेच सुटत नाही. ग्रंथी रोजच्या कामापुरत्या जाग्या झाल्या तरी शस्त्रक्रिया, अपघात किंवा मोठ्या आजारात कमी पडू शकतात, कधी वर्षभरसुद्धा. शेवटच्या गोळीची तारीख, सगळ्यात मोठा डोस आणि एकूण किती महिने घेतली, हे तीन आकडे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवले आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच दाखवायचं.