महालातला वाडा: बिल्डरला हो म्हणण्याआधी

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या आसपास कुठल्याही ओट्यावर वाड्याचा विषय काढा, वाद ठरलेला. म्हातारे म्हणतात, "आम्ही आहोत तोवर राहू द्या ना." बेसा नाहीतर मनीषनगरला फ्लॅट घेतलेली मुलं म्हणतात, "गाडी लावायला जागा नाही, विकून मोकळे व्हा." आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा नगर भूमापनाचा उतारा, मात्र दोघांपैकी कोणीच पाहिलेली नसते.

नगर भूमापन कार्यालयातून ती आधी काढा. तिच्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसांचा फेरफार करून घ्यावा लागतो, आणि त्यात आत्यांची नावं गाळली असतील तर सौदा पुढे तिथंच अडतो. जमीन नझूलची, म्हणजे सरकारनं पट्ट्यानं दिलेली, आहे का, भाडेपट्ट्याची मुदत संपली का, हेही बघा. पट्टा नूतनीकरणाविना पडला असेल तर बांधकामाच्या परवानगीला खीळ बसते.

मग रस्त्याची रेषा. केळीबाग रोडच्या रुंदीकरणात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. मनपाच्या नगररचना विभागातून विकास आराखड्यातली रुंदी लेखी घ्या. समजा, वाडा समोरून 20 फूट आणि खोलीला 90, म्हणजे 1,800 चौरस फूट. पुढचे 10 फूट रस्त्यात गेले तर गेली जागा 200 चौरस फूट. कागदावर नववा हिस्सा, पण भाव होता तो त्याच पट्टीला, कारण दुकान तिथं होतं. बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेतला तर तो विकला जाईपर्यंत हातात दमडी नाही. 20 फुटांच्या रुंदीत जिना, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंग बसत नाही, म्हणून बिल्डर शेजारचा वाडाही मागतो. रेडी रेकनरचा दर दाखवून भाव पाडणाऱ्यांना एवढंच सांगा, की तो दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. तुमच्या बोळाची रुंदी त्याला ठाऊक नसते.

भाडेकरूंची भीती वेगळी, आणि खरी. 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मागता येतं. त्यात 'सी-1' शेरा आला म्हणजे इमारत राहण्यास अयोग्य, खाली करून पाडायची. 'सी-2बी' असेल तर खाली न करता दुरुस्ती होते. खोली सोडण्याआधी ताब्यातल्या जागेचं मोजमाप करून सहीचा नकाशा घ्यावा. पाडल्यावर मोजायला भिंत उरत नाही.

जुन्या वास्तूंच्या वारसा (हेरिटेज) यादीत वाड्याचं नाव आलं की खिळाही ठोकता येत नाही, असा एक गैरसमज पसरलाय. कडक बंधनं पहिल्या श्रेणीला आहेत; कस्तुरचंद पार्क त्यात येतं. तिसऱ्या श्रेणीत आतले बदल करता येतात, हेरिटेज समितीची परवानगी घेऊन.

खरं तर बरेच वाडे बिल्डरआधी सिमेंटनं मारलेत. मातीच्या जोडाईची जाड भिंत ओल ओढते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, आणि सागवानी तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक कुजायला लागतं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. पेचकस घेऊन भिंतीलगत टोचून बघा: बोटभर आत गेला तर टोक गेलं. उधईची मातीची नळी दिसली तर नुसता रंग मारू नका. तुळईला आधी खालून टेकू द्या, कुजका भाग कापून नवं सागवान सांध्यानं जोडा, टोकाभोवती हवेला बोटभर फट ठेवा. गिलावा चुन्याचाच: एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि चुना किमान पंधरा दिवस भिजलेला. घाईत भिजवलेला चुना भिंतीवर फुगून पापुद्रे टाकतो.

कवेलू मे महिन्यातच फेरून घ्या. माकडांनी सरकवलेलं एक कवेलू म्हणजे थेट तुळईच्या टोकावर पडणारी धार. जून लागला की फेरणारे गडी मिळत नाहीत, मिळाले तरी ओल्या उतारावर चढत नाहीत.