तुम्ही विचारलंत म्हणून: ही फेरी गेटवेवर का संपत नाही?

क्रॉफर्ड मार्केटपासून भाऊच्या धक्क्यापर्यंत मी लोकांना पायी घेऊन जातो, हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. बाजार दाखवता ते ठीक, पण शेवटी समुद्रच दाखवायचा, तर गेटवे ऑफ इंडिया सोडून मासळीच्या वासात, ट्रकांच्या रांगा चुकवत त्या धक्क्यावर कशासाठी नेता? पुण्या-नाशिकहून आलेली मंडळी हे संकोचाने विचारतात. दादर-पार्ल्याची मंडळी जरा ठणकावून विचारतात, आणि गंमत अशी की त्यांच्यापैकीच अनेकांनी तो धक्का कधी पाहिलेला नसतो. चालता चालता या प्रश्नाचे उत्तर नेहमी अर्धवटच दिले जाते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आपण ज्या बाजारांतून चालतो, त्यांचा आणि गेटवेच्या पाण्याचा संबंध फारच थोडा आहे. पंचम जॉर्ज १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून ती कमान उभारायचे ठरले, आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार ती पूर्ण व्हायला १९२४ साल उजाडले. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून परत गेली. कमान देखणी आहे यात वाद नाही, पण मिरचीचे एकही पोते तिच्याखालून शहरात आलेले नाही. मुंबईच्या बाजारांना ज्या पाण्याने वाढवले ते पाणी पूर्वेच्या किनाऱ्याचे. गोदामांच्या, रेल्वे रुळांच्या आणि गोदीच्या भिंतीआड गेल्यामुळे ते आज सहजासहजी दिसत नाही, आणि म्हणूनच त्याच्यापर्यंत चालत जावे लागते.

फेरीची सुरुवात क्रॉफर्ड मार्केटपासून करतो, कारण तेथे उभे राहिले की शहराची जुनी वाटणी समजावून सांगता येते. किल्ल्याच्या तटबंदी १८६० च्या दशकात पाडल्या गेल्या. दक्षिणेला साहेबांचा कोट, उत्तरेला देशी वस्ती, आणि या दोहोंच्या सीमेवर ही मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. आराखडा विल्यम इमर्सन यांचा, दगड कुर्ल्याचा पिवळसर आणि वसईचा तांबडा, प्रवेशद्वारावरची शिल्पे समोरच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची. ज्यांचे नाव तिला मिळाले ते आर्थर क्रॉफर्ड हे शहराचे पहिले महापालिका आयुक्त. हेच क्रॉफर्डसाहेब पुढे १८८८ मध्ये लाचलुचपतीच्या प्रकरणात सापडले आणि त्या प्रकरणात अडकलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी लावून धरली, हे सांगितले की मंडळी एकदम खुलतात. आज मंडईचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. फळे आणि भाज्यांचा घाऊक व्यापार १९९६ मध्ये वाशीला गेला, आणि तेव्हापासून येथे मुख्यतः किरकोळ खरेदी चालते. सुक्या मेव्याच्या दुकानांत कोणी अडकले तर मी थांबत नाही. तोच माल पुढे मशीद बंदरला पाहायचा असतो.

मंगळदास मार्केटातले कापड आणि झवेरी बाजारातले सोने यांवर मी फार वेळ घालवत नाही. मुंबादेवीचे दर्शन ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे. या भागाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि खरे सांगायचे तर सोन्याच्या पेढीत बाहेरून पाहण्यासारखे काही नसते. तिथले सगळे काम काचेच्या आणि पडद्याच्या मागे चालते.

खरा बाजार लागतो तो मांडवीत, मशीद स्टेशनच्या पश्चिमेला. येथे रस्ता अरुंद होतो, नाकात आधी मिरची, मग हळद आणि मग वेलची शिरते, आणि पहिल्यांदा येणारा माणूस हमखास शिंकतो. घाऊक मसाल्याचा आणि धान्याचा मोठा भाग टप्प्याटप्प्याने वाशीला गेला असला, तरी कित्येक पेढ्या अजून येथून व्यवहार करतात. एखाद्या गाळ्यासमोर थोडा वेळ उभे राहिलात तर मालाची पारख कशी होते ते दिसते. पोते उघडत नाहीत. टोकदार लोखंडी नळी गोणपाटाच्या विणीत खुपसली जाते, नळीच्या खाचेतून मिरी तळहातावर ओघळते, पारख करणारा ती अंगठ्याने चोळतो, फुंकर मारून फोलपट उडवतो आणि एखादा दाणा दाताखाली फोडतो. हळकुंड असेल तर ते मोडून आतला रंग पाहतो. नळी काढली की तिचे भोक बोटाने दाबून वीण पुन्हा मिटवली जाते. भाव ठरण्यापूर्वीचा हा सगळा प्रकार मिनिटाभरात उरकतो, आणि त्या मिनिटात कोणी काही बोलत नाही.

याच गल्ल्यांत हातगाड्या चालतात. दोन चाकांची, लांबलचक लाकडी गाडी. माल असा रचलेला असतो की त्याचा भार बरोबर आसावर यावा. पुढचा माणूस ओढत कमी आणि तोल सांभाळत जास्त असतो. उतार लागला की मागचा गडी गाडीच्या शेपटावर भार टाकतो, लाकूड रस्त्याला घासते आणि तोच ब्रेक. ओझी वाहणारे हे लोक बहुतांशी घाटावरचे, सातारा-सांगलीकडचे, आणि त्यांच्या कामाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या चळवळीमुळे, १९६९ च्या माथाडी कायद्याने. वाराई आणि तोलाईचे (माल चढवण्या-उतरवण्याचे आणि तोलण्याचे) दर, हजेरी, माथाडी मंडळामार्फत मिळणारी मजुरी या गोष्टी या बाजाराच्या इतिहासात क्रॉफर्डसाहेबांच्या मंडईइतक्याच महत्त्वाच्या आहेत, पण त्यांच्यावर शिल्प कोरलेले नसल्यामुळे त्या सांगाव्या लागतात.

सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे, सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेले. लोक त्यालाही मशीदच म्हणत, आणि मशीद स्टेशनचे नाव त्याच्यावरून पडले. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या या समाजाची ही वस्ती बंदराच्या इतक्या जवळ का, हे वेगळे सांगायला नको. मांडवीत जो आला तो बंदराच्या ओढीने आला, मग तो कच्छी व्यापारी असो, कोकणी मुसलमान असो की घाटावरचा हमाल. मांडवीतले कोळी मात्र आधीपासूनच येथे होते.

बंदराची ही जवळीक महागातही पडली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मांडवीत. बंदरातून आलेले धान्य गोदामांत रचलेले, गोदामांत उंदीर, आणि गोदामांना लागून माणसांनी खचाखच भरलेल्या चाळी. रोगाला आणखी काय हवे होते? त्या साथीनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून, समुद्राची हवा आत यावी या हेतूने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले गेले. क्रॉफर्ड मार्केटकडून मांडवीकडे येताना रुंद रस्ते आणि बोळ यांचे जे विचित्र मिश्रण दिसते, त्याचे एक कारण हा प्लेग आहे. मंडळी हे ऐकताना मसाल्याच्या पोत्यांकडे जरा संशयाने पाहू लागतात, ते मात्र अन्यायाचे आहे.

येथपर्यंत कोणीतरी विचारतेच, की मग समुद्र आहे कुठे? स्टेशनच्या पूर्वेला. पण रेल्वेचा पूल ओलांडूनही तो दिसत नाही. नकाशात या पट्ट्यातली नावे पाहा: बोरीबंदर, कर्नाक बंदर, दाणा बंदर, वाडी बंदर, चिंचबंदर. एके काळी तेथे खरोखरच पाणी होते, गलबते लागत होती. कापसाच्या तेजीच्या काळात, म्हणजे अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने लँकेशायरचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला तेव्हा, भराव घालून जमीन काढण्याचे वेड शहराला लागले. एल्फिन्स्टन कंपनीने पूर्वेचा किनारा भरून काढायला घेतला. पुढे सरकारने तो विकत घेतला आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. नंतर प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये सुरू झाली. शेवटच्या गोदीसाठी खणून काढलेल्या मातीवर आजचे बॅलार्ड इस्टेट उभे आहे. प्रत्येक भरावाबरोबर पाणी बाजारापासून दूर सरकत गेले, आणि मधल्या जागेत रूळ, गोदामे आणि कुंपणे आली. ज्या कर्नाक पुलावरून हातगाड्या इकडून तिकडे जात तो जुना पूल २०२२ मध्ये पाडला गेला आणि त्या जागी बांधलेला नवा पूल २०२५ मध्ये खुला झाला.

पी. डिमेलो रोडवर आलो की उजव्या हाताला गोदीची भिंत सुरू होते. आत सामान्य माणसाला प्रवेश नाही, म्हणून भिंतीच्या बाहेरच उभे राहून मी १४ एप्रिल १९४४ ची हकीकत सांगतो. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते आणि त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या, युद्धाचा दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. कापसाला आग लागली, दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले आणि जळता कापूस मांडवीपर्यंतच्या छपरांवर पडला. आठशेहून अधिक माणसे गेली, त्यांत ६६ अग्निशामक जवान होते. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. सोन्याच्या विटा त्यानंतरही कित्येक वर्षे गाळ काढताना सापडत राहिल्या. कापूस, दारूगोळा आणि सोने एका जहाजात का भरले, असा प्रश्न सगळे करतात. युद्धकाळात जागा मिळेल तेथे माल भरत, हे त्याचे साधे उत्तर आहे. मला मात्र या हकीकतीत दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: गोदी आणि बाजार यांच्यामध्ये कितीही भिंती घातल्या, तरी गोदीची आग बाजारात पोचायला काही मिनिटे पुरली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या आता बुजवलेल्या आहेत, आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून कंटेनरची बहुतेक वाहतूक खाडीपलीकडे गेली आहे.

या संपूर्ण पूर्व किनाऱ्यावर सामान्य माणसाला कोणाचीही परवानगी न घेता पाण्यापर्यंत जाता येईल अशा जागा अगदी मोजक्या उरल्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत वाहती जागा भाऊचा धक्का. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, पाठारे प्रभू समाजातले गृहस्थ. कोकणातून येणाऱ्या उतारूंना चिखल तुडवत किनाऱ्याला यावे लागे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी पुढाकार घेऊन धक्का बांधला. मुंबईत गव्हर्नरांच्या आणि राजपुत्रांच्या नावांची बंदरे आणि गोद्या पुष्कळ झाल्या. त्यांतली बरीचशी नावे बदलली, भाऊंचे राहिले. कोकणबोटी येथूनच सुटत. गिरणगावातल्या चाकरमान्याला गणपतीला गावी जायचे तर ट्रंक डोक्यावर घेऊन तो याच धक्क्यावर रांग लावी.

रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोट याच धक्क्यावरून सुटली होती. रायगडकडची वयस्क माणसे फेरीत असली तर हा भाग मी सांगत नाही, तेच सांगतात.

आजही मोरा आणि रेवसच्या लाँच येथून सुटतात. त्यांत उरणला कामाला जाणारे असतात, भाजीच्या पाट्या असतात, एखादी मोटारसायकल असते. शेजारीच मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. तिच्या वातानुकूलित कक्षातला प्रवासी आणि रेवसच्या लाँचमधला प्रवासी पलीकडे अलिबाग या एकाच तालुक्यात उतरतात, पण येथे त्यांची सहसा गाठ पडत नाही. धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला मासळी उतरते. बर्फाचा भुगा पायाखाली, घसरड्या फरशा, कोळणींचा पुकारा, आणि कॅमेरा काढलात तर मिळणारा स्पष्ट मराठीतला सल्ला. तो सल्ला मी आधीच देऊन ठेवतो: विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये, आणि चप्पल नको, बूट घालून यावे.

पावसाळ्याचे विचारणारेही असतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसची ये-जा मात्र हवामान पाहून चालू राहते, त्यामुळे आमची फेरीही चालू असते. फरक एवढाच, की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असल्यामुळे त्या दोन महिन्यांत मासळीची खरी गर्दी पाहायला मिळत नाही. ती पाहायची असेल तर ऑगस्टनंतर या, आणि तेव्हा फेरी उलटी करावी लागते: पहाटे डॉकयार्ड रोड स्टेशनला भेटायचे, धक्का आधी आणि बाजार नंतर.