आधी गाठ, मग झाड

दोराच्या साहाय्याने झाडावर चढण्याच्या छंदात फांदीमागून फांदी पकडत वर जायचे नसते. चढणाऱ्याचा सगळा भार हार्नेसवर, म्हणजे कमरेला व मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांवर, आणि दोरावर असतो, त्यामुळे बुंध्याला हातही न लावता झाडाच्या मध्यभागी पोहोचता येते. हे मुळात झाडांची छाटणी करणाऱ्या व्यावसायिकांचे तंत्र. ते केवळ आनंदासाठी सर्वसामान्यांना शिकवण्याच्या उद्देशाने पीटर जेंकिन्स यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे संस्था स्थापन केली. नवशिक्याने पहिले कित्येक दिवस जमिनीवरच काढावेत, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला दुहेरी दोराची पद्धत शिकणे सोयीचे ठरते. वजनदार लहान पिशवी बांधलेली बारीक दोरी निवडलेल्या फांदीवरून फेकायची आणि तिच्या मदतीने मुख्य दोर ओढून घ्यायचा. दोराचे एक टोक हार्नेसला बांधायचे आणि त्याच टोकाचा उरलेला भाग फांदीवरून खाली येणाऱ्या दुसऱ्या पदराभोवती गुंडाळून पकडगाठ घालायची. ही गाठ भार आला की दोराला आवळते आणि भार काढला की हाताने वर सरकवता येते. एक मीटर वर जाण्यासाठी साधारण दोन मीटर दोर खेचावा लागतो, म्हणून चाल संथ असते. पण दोन्ही पदर मिळून भार वाटून घेत असल्यामुळे प्रत्येक खेचीला कमी जोर पुरतो.

पकडगाठींमध्ये ब्लेक हिच नवशिक्यांना सर्वाधिक शिकवली जाते. ऑस्ट्रियाचे हाइन्झ प्रोहास्का यांनी ती आधी शोधली होती, परंतु १९९४ मध्ये जेसन ब्लेक यांनी ती स्वतंत्रपणे झाडे चढणाऱ्यांपुढे मांडली आणि त्यांचेच नाव रूढ झाले. उभ्या पदराभोवती खालून वर चार वेढे घ्यायचे, टोक खाली आणून हार्नेसकडे जाणाऱ्या भागावरून न्यायचे, मग उभ्या पदराच्या मागून वळवून खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढायचे आणि शेवटी त्या टोकाला अडथळा म्हणून आठाच्या आकाराची गाठ मारायची. यातले सर्वांत नाजूक पाऊल म्हणजे हार्नेसकडे जाणारा भाग टोकाच्या विळख्यात येणे. तो निसटला, तर तयार होणारी गाठ दिसायला जवळजवळ तशीच असते, थोडा भारही पेलते, आणि नेमक्या वेळी सुटू शकते. म्हणूनच ही गाठ डोळे मिटूनही जमेपर्यंत घालावी, प्रत्येक वेळी दुसऱ्याकडून तपासून घ्यावी आणि जमिनीपासून हातभर उंचीवर अंगाचा पूर्ण भार टाकून पाहावी. चढतानाही गाठीखाली दोराला अधूनमधून एक वेगळी सुरक्षेची गाठ मारून ठेवणे शहाणपणाचे आहे.

झाडाची पाहणीही तितक्याच गांभीर्याने करावी लागते. वाळलेल्या फांद्या, बुंध्यावरील अळंबी, ढोली, मुळांजवळची भेगाळलेली माती, मधमाश्यांचे पोळे आणि विशेषतः आसपासच्या विजेच्या तारा, यांपैकी काहीही आढळले तर ते झाड सोडून द्यावे. आधाराची फांदी जिवंत आणि बुंध्याजवळ किमान १५ सेंटिमीटर जाड असावी, आणि दोर बुंध्यालगतच टेकवावा, कारण टोकाकडे सरकत जावे तशी फांदीची ताकद घटत जाते. फांदीवर दोर थेट घासला तर सालीखालचा वाढीचा थर जखमी होतो. तो थर झाडाचा जीव आहे, म्हणून मी दोराभोवती संरक्षक नळी घातल्याशिवाय चढत नाही. बुटांना लावायचे लोखंडी काटे तर या छंदात निषिद्धच मानायला हवेत.

उतरताना घाई करू नये. पकडगाठ हळूहळू दाबत सरकवली की घर्षण ताब्यात राहते. वेगाने घसरल्यास निर्माण होणाऱ्या उष्णतेने दोराचे कृत्रिम धागे वितळून पृष्ठभाग चकचकीत व कडक होतो आणि तो भाग पुढे नीट पकड घेत नाही. खाली आल्यावर हार्नेस काढण्याआधी गाठीजवळचा दोर बोटांनी चाचपून पाहावा आणि असा कडक पट्टा लागला, तर तो भाग कापून टाकावा.