महाडचे पाणी आणि आजीचा राग

आज दुपारी आजीला घेऊन दीक्षाभूमीवर गेलो होतो. तिथे एका तरुणाने तिला सरळच विचारले, "आजी, ज्यांनी हे भोगायला लावलं, त्यांचा राग नाही येत?" लहानपणी आजीला विहिरीला हात लावता येत नसे, कुणी वरून ओंजळीत पाणी सोडले तरच तहान भागे, आणि त्यातले निम्मे कोपरावरून ओघळून मातीत जाई. ती म्हणाली, "येते न राजा. पण त्याईच्या लेकराईचं वाईट करून माही तहान थोडीच भागते?"

मला महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या, तेव्हा प्रतिकाराची ताकद असूनही बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उगारू दिला नाही, आणि त्या पाण्यावरचा हक्क पुढे न्यायालयात लढून १९३७ साली उच्च न्यायालयाकडून मिळवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखोंनी ज्या २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्यांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. सूड कुठेही नाही.

मात्र "जुने कशाला उगाळता?" असे म्हणणाऱ्यांनी आजीच्या या मोठेपणाचा आधार घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. तिने सूड सोडला आहे, हिशेब विसरलेली नाही. ज्यांच्या वाड्यात अशा विहिरी होत्या, त्यांनी तो इतिहास आपल्या मुलांना स्वतःहून सांगावा, एवढी अपेक्षा मी ठेवणारच.