लिफ्ट केलेल्या गाडीचे कंट्रोल आर्म: आधी माप, मग खरेदी

ऑफ-रोडसाठी उंच केलेल्या गाडीखाली वाकून पाहिले, की सर्वांत आधी नजरेत भरतात ते जाडजूड, चकचकीत कंट्रोल आर्म, म्हणजे चाकांची बाजू चेसिसला जोडणारे दांडे. त्यामुळेच बहुधा त्यांची निवड जाडी आणि रंग पाहून होते. माझे मत वेगळे आहे. आपण खरे तर लांबी आणि सांधा विकत घेत असतो. नळीची जाडी हा त्यानंतरचा प्रश्न आहे. हे एकदा पटले, की कोणते आर्म बदलायचे आणि कोणते मूळचेच राहू द्यायचे, हे ठरवणे बरेच सोपे होते.

अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ आस) आणि कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ 1997 चे मॉडेल म्हणून आलेल्या टीजे पिढीपासूनच्या जीप रँगलरमध्ये, एक्सल पुढे-मागे सरकू नये आणि स्वतःभोवती फिरू नये, हे काम पुढे चार आणि मागे चार कंट्रोल आर्म करतात. डावी-उजवीकडची पकड मात्र ट्रॅक बारकडे, म्हणजे एक्सल आणि चेसिस यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याकडे असते. स्प्रिंग उंच झाली की आर्म अधिक तिरपा होतो आणि त्याचे टोक वर्तुळाच्या कमानीवरून फिरत एक्सलला चेसिसच्या माउंटकडे ओढते. हिशेब साधा आहे. 500 मिलिमीटर लांबीचा आर्म आधीच 100 मिलिमीटर खाली झुकलेला असेल आणि आपण 75 मिलिमीटरची लिफ्ट केली, तर एक्सल सुमारे 21.5 मिलिमीटर ओढला जातो. तोच आर्म सुरुवातीला आडवा असता, तर हेच अंतर जेमतेम 6 मिलिमीटर भरले असते. म्हणून केवळ ‘इतक्या इंचांची लिफ्ट’ एवढ्या माहितीवर आर्म मागवू नयेत. गाडी सपाट जमिनीवर उभी करून आर्मचा कोन आणि दोन्ही बोल्टांच्या केंद्रांमधले अंतर प्रत्यक्ष मोजावे.

पुढच्या एक्सलची अडचण याहून नाजूक आहे. लिफ्टमुळे एक्सल किंचित फिरतो, कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासे होते. वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते. खालचे आर्म लांब केले किंवा वरचे आखूड केले, की कॅस्टर परत मिळतो. वरच्या आणि खालच्या माउंटमध्ये 200 मिलिमीटर अंतर धरले, तर खालच्या आर्मची लांबी 6 मिलिमीटरने वाढवताच कॅस्टर सुमारे 1.7 अंशांनी वाढतो. पण पिनियनही (शाफ्ट एक्सलला जिथे जोडला जातो, तिथला गिअर) त्याच एक्सलचा भाग असल्यामुळे तो तितक्याच अंशांनी खाली झुकतो आणि एक्सलपर्यंत इंजिनची शक्ती नेणाऱ्या पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यावरचा कोन वाढतो. कॅस्टर आणि पिनियन दोन्ही मनाजोगते मिळतील, अशी अपेक्षा बऱ्याच लिफ्टवर पूर्ण होत नाही, आणि अशा वेळी मी कॅस्टरच्या बाजूने झुकतो, कारण स्टिअरिंगवरचा विश्वास मला अधिक मोलाचा वाटतो. शाफ्टचा कोन मात्र सहन होण्याच्या मर्यादेत राहिला पाहिजे. मागच्या एक्सलला असा पेच नसतो, तिथे पिनियनचा कोन शाफ्टच्या रचनेप्रमाणे ठरतो.

सांध्यांच्या बाबतीत माझी पसंती ठाम आहे: एका टोकाला दर्जेदार रबरी बुश (बोल्टभोवतीची लवचिक गादी) आणि दुसऱ्या टोकाला उघडून दुरुस्त करता येणारा, ग्रीस भरता येणारा गोलाकार सांधा. खडकावर एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की आर्म नुसता वरखाली होत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो. गोलाकार सांधा हा पीळ सहज पचवतो. पॉलियुरेथेनचा बुश त्याला विरोध करतो, कुरकुरतो आणि कडेने झिजत जातो. रबर शांत असते, पण मोठ्या पिळाने फाटते. दोन्ही टोकांना उघडे धातूचे सांधे लावले, तर हालचाल उत्तम मिळते, पण रस्त्याचा प्रत्येक कंप थेट चेसिसमध्ये येतो. जी गाडी आठवडाभर डांबरी रस्त्यावरच चालते, तिला हा त्रास कशासाठी द्यायचा?

मजबुतीचा विचार प्रामुख्याने खालच्या आर्मसाठी करावा, कारण दगडावर तेच घासतात. तिथे जाड भिंतीची पोलादी नळी हवी. खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असेल, तर मी पुढचे खालचे, लांबी बदलता येणारे आर्म आधी घेईन. एक गोष्ट खरेदीच्या वेळी हमखास निसटते: रँगलरच्या जेके पिढीत पुढच्या वरच्या आर्मचा एक्सलकडचा बुश आर्ममध्ये नसून एक्सलवरच्या माउंटच्या भोकात दाबून बसवलेला असतो. नवे आर्म लावले तरी तो जुनाच राहतो, म्हणून तो त्याच वेळी तपासून घ्यावा.

पुढचे प्रत्येक चाक वेगळे हलते अशा स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांचे, म्हणजे हायलक्ससारख्यांचे, गणित निराळे आहे. तिथे लिफ्टनंतर वरचा आर्म खाली झुकून बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाकडच्या गोलाकार सांध्याचा, कोन संपत येतो आणि आर्म कॉइलला घासण्याची शक्यता निर्माण होते. तिथे वाढीव कॅस्टर धरूनच बनवलेला वरचा आर्म घेणे योग्य ठरते.

बसवण्याच्या कामात घाई अजिबात नको. चाकांना ठोकळे लावून चेसिस स्टँडवर भक्कम टेकवावी आणि एक्सलखाली स्वतंत्र जॅक ठेवावा. एका वेळी एकच आर्म काढावा. चारही एकदम सोडले तर एक्सल फिरतो आणि बोल्टची भोके जुळवण्यातच वेळ जातो. थोडासा फरक राहिलाच, तर रॅचेटचा पट्टा लावून एक्सल हलकेच ओढावा. हातोड्याने बोल्ट ठोकून आटे खराब करू नयेत. जुन्या गाडीत बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजाने धरून बसलेला असतो. नट सुटतो, बोल्टचे डोकेही फिरते, पण त्याबरोबर रबर पिळले जात असते, हे कडेने नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि नवे बोल्ट हाताशी असू द्यावेत.

डाव्या-उजव्या आर्मची लांबी गाडीबाहेरच, दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून आणि टोकांमधून बोल्ट ओवून जुळवावी. सांध्याचे आटे निदान त्यांच्या व्यासाइतके तरी आत राहिले पाहिजेत. सगळे बोल्ट आधी हातानेच घट्ट करावेत, गाडी चाकांवर उतरवून दोन-तीनदा दाबून बसू द्यावी आणि मगच टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळावेत. रबरी बुशची आतली नळी आवळताक्षणी ब्रॅकेटला पक्की होते. एक्सल लोंबकळत असताना आवळली, तर गाडी उभी असतानाही रबर कायम पिळलेले राहते आणि अकाली फाटते.

त्यानंतर एक चाक उंचावून सस्पेन्शन पूर्ण वाकवून पाहावे आणि ब्रेकच्या नळ्या, एबीएसची वायर व आर्म-ब्रॅकेटमधली जागा तपासावी. अलाइनमेंट करून छापील आकडे जपून ठेवावेत, लॉक नटांवर रंगाची रेघ ओढावी आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. रेघ तुटलेली दिसली, तर त्या आर्मची लांबी पुन्हा मोजूनच नट आवळावा.